गाठीची तार प्लसला

मामाजी, पहिलं नाव भास्करकाकांचं घेते, तुमचं नंतर. ज्यानं काम केलं त्याचं नाव आधी, ही तुमचीच शिस्त. डोणगावच्या स्टँडामागं तुमचं रेडिओ-स्पीकरचं दुकान आणि त्याला भिंतीला भिंत लावून काकांचं शिलाईचं. लग्नसराईचे ब्लाऊज कापून टेबलावर पडलेले असताना त्या माणसानं एक अख्खी रविवारची दुपार मशीन बंद ठेवलं. मी बंगलोरहून फोनवर सांगत गेले आणि ते एकेक तार तुमच्या खाटेभोवती ओढत गेले. विजेचं त्यांना बटण दाबण्यापलीकडे काही कळत नाही. तरी ओढली. त्यांनी ती दुपार दिली नसती, तर तुमची सून परमुलखात जाऊन काय शिकली हे कानांनी न ऐकताच तुम्ही गेला असता.

त्या रविवारनंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. तुमचा मुलगा ट्रक घेऊन नागपूरच्या अलीकडे होता म्हणून वेळेवर पोचला. मला गाडी दुसऱ्या दिवशीची मिळाली. मी दारात उतरले तेव्हा राख सावडून झाली होती. आता तेरवी करून परत बंगलोरला आले आहे, आणि जे फोनवर बोलता आलं नाही ते लिहिते आहे. नववीतून शाळा सुटलेल्या बाईचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या. एकेक ओळ मी तीनदा वाचून पाहते आहे. तुम्ही म्हणायचे, हिले कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाह्यल्याशिवाय चैन पडत नाई. तसंच आहे अजून.

मला दुकानाची पायरी चढवली ती तुम्हीच. लग्न होऊन वर्ष झालं असेल. डबा घेऊन आले होते. तुम्ही चष्मा कपाळावर सारून एक तांदळाएवढा रेझिस्टर, ज्याचं माप त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचतात, चिमट्यात धरला होता. म्हणालात, "सुरेखा, याचा तिसरा पट्टा कोणता वं?"

"लाल."

"आन् दुसरा?"

"हिरवा."

"बस थोडी. अजून चार हायेत."

मला वाटलं, वय झालं, नजर गेली. मग आठ-दहा दिवसांनी पाहिलं, तर त्याच नजरेनं तुम्ही मुंगीएवढ्या अक्षरातला नंबर घडाघडा वाचत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामाजी, नंबर दिसते मग पट्टा काऊन दिसत नाही?" तुम्ही आधी बाहेर बघितलं, कुणी आहे का. मग हळूच म्हणालात, "लाल मले लाल दिसत नाई, पोरी. लाल आन् काळं मले जुळे भाऊ वाटते."

तुमच्याशी संसार केलेल्या आत्याबाईंनाही माहीत नव्हतं. त्या एवढंच सांगायच्या की यांना साडी आणायला पाठवलं की पिवळीच आणतात. ज्या धंद्यात सगळं जग लाल आणि काळ्या तारेवर चालतं, त्या धंद्यात तुम्ही जन्म काढला आणि कुणाला कळू दिलं नाही. रेझिस्टर एकेक मीटरवर मोजून घ्यायचे. स्पीकरच्या तारेला मात्र तुम्ही स्वतःची युक्ती काढली होती. मीटर लावून प्लसची बाजू ठरवायची आणि त्या तारेला, सोललेल्या टोकाच्या चार बोटं मागं, एक गाठ मारायची. दोन्ही टोकांना. मग रंग बघायचं कामच नाही, बोट फिरवलं की कळलं. गाठीची तार प्लसला. गावात तुम्ही सांगितलं होतं की मंडपामागं अंधार असतो, अंधारात तार ओळखू यावी म्हणून गाठ. लोकांना पटलं. मेहकरपर्यंतचे मंडपवाले तुमचं बघून गाठी मारायला लागले. आजही मारतात, आणि ती गाठ कशामुळं जन्मली हे एकालाही माहीत नाही.

आज हे मी सगळ्यांसमोर लिहिते आहे. रागावू नका. तुम्ही लपवलं ते कमीपणा वाटून. मला मात्र वाटतं, लोकांना कळलं पाहिजे की तुम्ही हे सगळं लाल रंग नसताना केलं.

त्या दिवसापासून तुम्हाला डोळे मिळाले आणि मला काम. पट्टे वाचता वाचता सोल्डर हातात आलं, मग मीटर. गिऱ्हाईक टोमणे मारायचं. एकदा कापसाची गाडी सोडून आलेला एक जण म्हणाला, "काय बाप्पा, सुनेले कामाले लावलं अन् तुम्ही खुर्चीवर?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मी तिच्या हाताखाली हाये. अॅम्प्लिफायर सुदरला नाई तर तिले बोल, मले नको." त्याचा अॅम्प्लिफायर मी दुरुस्त केला होता, आणि बटण मी त्याच्यासमोरच दाबलं. वाजला. तुम्ही "चांगलं झालं" असं काही म्हणाला नाहीत. ते तुमच्याकडे नव्हतंच. काम मनासारखं झालं की तुम्ही एवढंच म्हणायचे, "बसला." आवाज बसला. आणि तेही मशीनकडे बघून, माणसाकडे बघून नाही.

तुमच्या कानाची गोष्ट मी इथं बंगलोरच्या पोरांना सांगते तेव्हा त्यांना खरी वाटत नाही. पंगतीत बसलो होतो आपण, लग्न कुणाचं होतं ते आता आठवत नाही. पानात बुंदी वाढलेली. मंडपात नवा डीजे, स्पीकरचे भिंतीएवढे डबे, आणि आवाज एवढा की द्रोण हलत होते. तुम्ही घास तसाच हातात धरून डोकं एका बाजूला केलं. मग वाढप्याला म्हणालात, "त्या पोराले बोलाव. म्हना तुह्या दोन डब्यात भांडण लागलं." पोरगा तोऱ्यात आला. तुम्ही खरकटा हात तसाच ठेवून सांगितलं की उजवीकडच्या दुसऱ्या डब्याची तार काढून उलटी लाव. तो हसला, पण लावली. आणि मामाजी, आवाज न वाढवता ढोलाला पोट आलं. आधी नुसता कलकलाट होता, आता जमिनीतून वर चढत होतं. पोरगा तुमच्या पाया पडायला आला तर तुम्ही म्हणालात, "जेवू दे आता."

दोन स्पीकर एकाच वेळी पुढं सरकायला हवेत. एकाची तार उलटी असली तर एक पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो, आणि दोघं मिळून ढोलाचा घुमारा खाऊन टाकतात. इथं लोक ते शोधायला यंत्र लावतात. तुम्ही पंगतीतून ऐकलंत.

तुमच्या मुलाची नोकरी बंगलोरच्या ट्रान्सपोर्टमध्ये लागली आणि आम्ही इकडे आलो. तो ज्या गोदामात माल उतरवायचा तिथं घरोघरी होम थिएटर बसवणाऱ्यांना तारा टाकायला माणूस हवा होता. मालकांनी पहिल्यांदा सर्टिफिकेट मागितलं. माझ्याकडे नववीचा दाखलाही धड नव्हता. म्हटलं, काम बघा. त्यांनी दिलेल्या तारांना मी गाठी मारून ठेवल्या, तर ते म्हणाले, हे काय? मी म्हटलं, आमच्या दुकानची पद्धत. आजही त्यांच्या सगळ्या कामांत पडद्यामागं, भिंतीच्या आत, छताच्या पोकळीत तुमच्या गाठी आहेत. ज्या बंगल्यांत मला पहिल्यांदा चप्पल कुठं काढायची याचीच धास्ती वाटायची, त्या बंगल्यांच्या भिंतींत.

तुम्ही शिकवलेलं तिथं पदोपदी उपयोगी पडलं. गिऱ्हाईक सोन्याचं पाणी दिलेल्या तारांची पेटी दाखवतं, विचारतं, या चांगल्या ना? मी सांगते, साहेब, स्पीकर लांब असेल तर तार जाड घ्या, तांबं चांगलं घ्या, टोकं नीट सोला, तांब्याचा एकही केस बाहेर राहू देऊ नका. सोन्यानं आवाज येत नाही. हे तुमचंच वाक्य आहे, मी फक्त 'साहेब' जोडलं.

पण एका बाबतीत आपलं जमलं नाही. टीव्हीपासून अॅम्प्लिफायरपर्यंत आवाज कोणत्या वायरीनं न्यायचा, यावरून. तुमचं म्हणणं, लाल-पांढऱ्या पिना. आयुष्यभर त्याच लावल्या, कधी दगा दिला नाही. माझं म्हणणं, पिनांतून दोनच आवाज जातात, डावा आणि उजवा. होम थिएटरला पाच-सहा आवाज वेगळे पोचवायचे असतात, मागचा मागं आणि पुढचा पुढं. त्याला ऑप्टिकल लागते, जिच्यातून उजेडानं आवाज जातो, नाहीतर एचडीएमआय, जी सगळ्यांत जास्त पेलते. तुम्ही म्हणायचे, "उजेडातून आवाज जाते, मानलं. पण कान दोनच हायेत न पोरी? मग सहा आवाज घेऊन काय करतं?" महिना-महिना हे चालायचं. फोन लागला की पहिली दोन मिनिटं तब्येत आणि मग पिना.

आणि एक दिवस माझ्या तोंडून गेलं. एका मोठ्या बंगल्याचं काम हातात होतं, दोन दिवस काहीतरी जुळत नव्हतं, मालक डोक्यावर उभे. त्यात तुमचा फोन, "पिना लावून पाह्य." मी म्हटलं, "मामाजी, तुमचं मंडपाचं झालं. हे घराचं काम आहे. यातलं तुम्हाला नाही कळायचं."

तुम्ही म्हणालात, "बरं."

त्यानंतर कितीतरी महिने तुम्ही मला कामाचं विचारलं नाही. पाणी आलं का, पोरीची शाळा काय म्हणते, एवढंच. मी रोज ठरवायची की आज माफी मागते. मग वाटायचं, आता काढून उगाच जुनं उकरायचं कशाला. मग वाटायचं, रागावून फोनच ठेवला तर? असं करत राहून गेलं.

तुमच्या फुप्फुसात पाणी झालं, मेहकरच्या दवाखान्यातून घरी नेलं, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं, हे आत्याबाईंनी कळवलं तेव्हा मी सुट्टी मागितली नाही. हे मी स्वतःला माफ करू शकत नाही. एका मोठ्या कामाचा ताबा द्यायचा होता आणि कागद नसलेल्या माणसाला वाटतं, आपण आठ दिवस गेलो की आपल्या जागी दुसरा येईल. मनाशी म्हटलं, पुढच्या पंधरवड्यात जाऊ. त्याऐवजी पेटी पाठवली. एका गिऱ्हाइकानं नवा सेट घेतला, जुना मालकांनी मला दिला. अॅम्प्लिफायर, पाच स्पीकर, एक वूफर. सगळ्या तारा इथंच कापल्या, टोकं सोलली, प्लसला गाठी मारल्या. तुमचा निरोप आला होता ना आत्याबाईंकडून, "पाठवू राह्यली तर तिन्ही वायरी पाठव म्हना. मी ऐकून सांगतो." कितीतरी महिन्यांनी तुम्ही वायरींचं नाव काढलं होतं. मी पेटी बांधता बांधता रडले आणि चिकटपट्टी वाकडी लागली.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचा आवाज बसवला तुम्ही, आणि आपल्या घरी भिंतीवरचा टीव्ही त्याच्या स्वतःच्या चिरक्या आवाजात बोलायचा. तुम्ही एकदा तरी नीट बसलेला आवाज आपल्या खाटेवर पडून ऐकावा, आणि तो मी बसवलेला असावा, एवढंच मला हवं होतं. डॉक्टरांनी दिवस सांगितले नव्हते, पण आत्याबाईंच्या आवाजावरून मला कळत होतं की फार नाहीत.

रविवारी दुपारी आत्याबाईंनी व्हिडिओ कॉल लावून फोन धरला. तुम्ही खाटेवर, उशा लावून, डोळे मिटून. भास्करकाका गळ्यात टेप तसाच ठेवून जमिनीवर बसलेले.

"सूनबाई, कोणती आधी?"

"स्पीकरच्या काका. दोन पदरी आहेत त्या. गाठीची लालला लावा, दुसरी काळ्याला. अॅम्प्लिफायरकडंही तसंच."

"लावली."

"गाठ बघितली ना?"

"हो न. गाठ हाये. माह्या नजरेसमोर हाये."

"परत एकदा बघता का?" त्यांनी बघितली, हाये म्हणाले. मी तिसऱ्यांदा विचारलं.

तुम्ही डोळे मिटूनच बोललात, "अवं, किती विचारशीन त्याले? शिंपी हाये तो, चोर नाई."

काका ऑप्टिकलची वायर उचलून बोटांवर घट्ट गुंडाळायला लागले तेव्हा मात्र मी ओरडले, "काका, तिची घडी नका घालू, आत काच असल्यासारखी असते." ते म्हणाले, "बरं झालं सांगतलं, मी इस्त्री करनार होतो." आत्याबाई हसल्या. त्या घरात किती दिवसांनी कुणी हसलं असेल.

मग मी काकांना एकेका स्पीकरमधून आळीपाळीनं तपासणीची खरखर सोडायला सांगितली आणि विचारलं, आता कुठून येतंय? ते उठून प्रत्येक स्पीकरच्या तोंडाला तळहात लावायला लागले.

"हात कशाला काका? बसल्या जागी सांगा ना."

"मले उजव्या कानानं लहानपणापासून येत नाई, सूनबाई. ताप आल्ता. मले सारं एकाच अंगानं ऐकू येते. हात लावला की थरथर कळते."

मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. बोलताना ते मान कलती करतात ती सवय आहे असं मला वाटायचं. ज्या माणसाला डावं-उजवं ऐकूच येत नाही, तो माणूस दुसऱ्याच्या खाटेभोवती पाच दिशांचा आवाज मांडत बसला होता.

पेन ड्राइव्हवर मी तुमच्या आवडीचा एकट्या तबल्याचा तुकडा टाकला होता. पाचही स्पीकरवर लावला. तुम्ही ऐकलंत. कपाळाला आठी पडली.

"डग्गा मागं मरून राह्यला."

"वाढवू का मामाजी?"

"वाढवून काय करतं? मागं दोन भाऊ भांडून राह्यले. मागचा डावा उलटा हाये."

"नाही मामाजी, गाठ तीनदा बघितली त्यांनी."

"गाठ पाह्यली असन. तार पाह्य म्हना."

काकांनी मागचा डावा स्पीकर वळवला, तार फोनसमोर धरली. म्हणाले, "हे पाह्य. दोन्हीले गाठ हाये."

"दोन्हीला कशी? मी एकालाच मारली होती."

"हो न. तू एकाले विसरली होती. काल पेटी खोलली तवाच पाह्यलं मी. अर्ध्या टोकायले गाठच नाई. म्हनलं पोरगी घाईत राह्यली असन, मीच मारून देल्ली साऱ्यायले. बिनगाठीचा दोरा निसटते न."

जन्मभर सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला बिनगाठीचं टोक बघवलं नाही. पुढच्या तारांवर लाल रेघ होती, ती पाहून त्यांनी अंदाजानं बरोबर लावल्या. मागच्या दोन तारा नुसत्या पांढऱ्या. एक बरोबर लागली, एक उलटी. आणि मी तीनदा विचारलं ते तीनही वेळा त्यांनी खरंच सांगितलं होतं.

तुम्ही हसलात मामाजी. हसता हसता खोकला आला, आत्याबाईंनी फोन खाली ठेवून पाठ चोळली, मला नुसतं छत दिसत होतं आणि खोकला ऐकू येत होता. मला वाटलं, माझ्यापायी काही होतंय. मग तुमचा आवाज आला, "भास्कर, पलट ते. अन् परत लाव."

काकांनी तार पलटली. तबला परत सुरू झाला. तुमची बोटं खाटेच्या पट्टीवर होती, ती हळूहळू चालायला लागली. थोड्या वेळानं थांबली.

"बसला," तुम्ही म्हणालात. टीव्हीकडे बघून नाही. फोनकडे बघून.

फुप्फुसं पाण्यानं भरलेली, बोलायला दम पुरत नव्हता, आणि कान पंगतीतल्यासारखाच लख्ख. मी त्या वेळी बंगलोरच्या दहा बाय दहाच्या खोलीत उभी होते आणि मला वाटत होतं, शेजाऱ्यांची सगळी दारं वाजवून सांगावं की हा माणूस माझा गुरू आहे.

मग तुम्ही तिन्ही वायरींची परीक्षा घेतलीत. तबल्याला तिन्ही सारख्याच. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून पिना लावल्या काय, ऑप्टिकल लावली काय आणि एचडीएमआय लावली काय, तुम्ही म्हणालात, "मले फरक येत नाई. तुले येते?" मी म्हटलं, नाही येत, कारण त्यात दोनच आवाज आहेत. "हेच तं मी सांगू राह्यलो होतो," तुम्ही म्हणालात. मान्य मामाजी. दोन आवाजांच्या गाण्याला तुमच्या पिना पुरतात. हे मी तेव्हाही कबूल केलं, आताही करते.

मग मी दुसरा तुकडा लावायला सांगितला. बाजारातला होता. माणसांची गलबल, आणि एक सायकल घंटी वाजवत पुढून येते आणि मागं निघून जाते. एचडीएमआयवर लावला. सायकल आली, खाटेच्या बाजूनं गेली, आणि तुम्ही मान वळवून दाराकडे बघितलंत. "कोन आलं बे?"

आत्याबाई म्हणाल्या, "कोणी नाही, टीव्हीतलं हाये."

पिनांवर लावायला सांगितलंत. घंटी पुढंच वाजून पुढंच विरली. परत एचडीएमआय. परत पिना. काका तुमच्या खाटेभोवती किती वेळा वाकले असतील. शेवटी तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "पिना मंडपाले राहू दे. घराले ही लाव."

मंडप आणि घर. माझेच शब्द. इतके महिने ते तुम्ही जपून ठेवले होते आणि त्या दुपारी मला परत दिलेत, धार बोथट करून. मी म्हटलं, "मामाजी, मी त्या दिवशी जे बोलले ना..." तुम्ही मध्येच काकांना म्हणालात, "भास्कर, टोकं पाह्यले का कसे सोलले तिनं? एक केस तुटला नाई. हे माह्या दुकानचं काम हाये." काका म्हणाले, "तुह्याच दुकानचं हाये बाप्पा, मी कोठी माह्या दुकानचं म्हनलं?" मग तुम्हाला झोप लागली. आत्याबाईंनी फोन ठेवला.

तर माफी राहिली. तुम्ही ती ऐकायची नव्हती म्हणून मध्ये बोललात, की तुम्हाला खरंच टोकांचं कौतुक वाटलं, हे मला कळणार नाही. दोन्ही असेल. एक वादही अर्धा राहिला. ऑप्टिकलवर सायकल तितकीच छान मागं गेली, तेव्हा तुम्ही विचारलंत, मग ही काऊन नको? मी सांगणार होते की हा तुकडा साधा आहे, याहून मोठे, न दाबलेले आवाज असतात, ते त्या वायरीतून मावत नाहीत, एचडीएमआयमधून मावतात. पुढच्या रविवारी तसा तुकडा पाठवून दाखवते म्हटलं होतं. तो इथं पेन ड्राइव्हवर तसाच आहे. या वादात मी बरोबर होते मामाजी, पण तुम्ही ऐकल्याशिवाय मानलं नसतं, आणि तेच ठीक होतं.

मी पोचले तेव्हा खाट अंगणात उभी केली होती, स्पीकर मात्र जिथल्या तिथं. आत्याबाई कुणाला हात लावू देत नाहीत. संध्याकाळी मालिका त्यावरच बघतात. मला म्हणाल्या, "त्यातली सासू मांगून ओरडते, मी दचकते." मग पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. मी शेजारी बसले. त्या मालिकेतलं एक अक्षर आम्हा दोघींना कळलं नसेल, पण आवाज जसा बसायला हवा तसा बसला होता, आणि तो ऐकून मला रडण्याआधी ताठ बसावंसं वाटलं. तुमच्या घरातला आवाज आहे तो.

निघायच्या दिवशी काकांच्या दुकानात गेले. पाया पडले तर म्हणाले, "मले काय पाया पडतं? मी तं उलटीच लावली होती." आणि परत मशीनवर वाकले. मोबाइलची वायर खिशातून वर आलेली, तिचं एकच टोक डाव्या कानात, दुसरं गळ्यात लोंबत. जुनी गाणी ऐकत शिवत होते. मी बाहेर येऊन स्टँडावर उभी राहिले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या लोंबणाऱ्या टोकात गाण्याचा दुसरा भाग वाजत असतो. उजवीकडं जे कुणी वाजवलं असेल, सारंगी असो की बासरी, ते या माणसानं त्या गाण्यांत कधी ऐकलेलंच नाही. आणि आपलं काही राहून जातंय हे त्याला माहीतही नाही.

मामाजी, त्यांचं मी फेडीन. डावा आणि उजवा दोन्ही आवाज एकत्र करून एकाच स्पीकरला देता येतात. अवघड नाही, फक्त कुणीतरी मनावर घ्यायला हवं. मशीनच्या डाव्या अंगाला, त्यांच्या चांगल्या कानाच्या उंचीवर फळी ठोकीन आणि तारा स्वतः टाकीन, फोनवरून नाही. यंदा सुट्टी मिळेल की पुढच्या वर्षी, आज सांगता येत नाही. पण येईन. आणि त्यांना मशीन थांबवून त्यांच्याच आवडीचं एखादं जुनं गाणं, जे त्यांना पाठ आहे असं त्यांना वाटतं, ते पहिल्यांदा पूर्ण ऐकवीन.